‘फास्ट’ला नाम म्हणणारा मुलगा

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सेमी-इंग्रजीत शिकतो, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. क्लासमध्ये वीस इंग्रजी शब्द नुसते खाली खाली लिहून दिले आणि प्रत्येकापुढे शब्दाची जात लिहायला सांगितली. त्याला वीसपैकी नऊ मिळाले. चुकलेले अकरा शब्द आणि त्याची उत्तरं ताईंनी पाठवली आहेत. त्यात ‘फास्ट’पुढे त्याने ‘नाम’ लिहिलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, आजीचा एकादशीला फास्ट असतो. ताईंचं म्हणणं, रोजच्या वापरातल्या चार-पाचशे शब्दांची जातीसकट पक्की यादी सांगा, सुट्टीत पाठ करून घेते.

ताई, आधी निकाल सांगतो. त्या अकरा चुकांपैकी सात चुका नाहीतच. तीन खऱ्या आहेत. उरलेल्या एका शब्दावरून क्लासच्या सरांचं आणि माझं चहाच्या दोन कपांपुरतं भांडण होईल. यादीच्या मागे मात्र लागू नका. पाठ केलेल्या यादीने त्याचे आत्ता बरोबर असलेले निम्मे शब्दही बिघडतील.

मी पंचवटीतल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीला आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० सालापासून ते पहिलीला आलं. मुलं चार वर्षं आधी एबीसीडी शिकू लागली, पण शब्दाच्या जातीपाशी अडखळण्याची जागा तीच राहिली. याचं कारण आपल्या मराठीतच आहे.

पंचवटीतलंच उदाहरण घेऊ. ‘शूर्पणखेने रामाला पाहिलं.’ शब्द फिरवा: ‘रामाला शूर्पणखेने पाहिलं.’ पाहणारी शूर्पणखाच राहते, कारण ‘ने’ आणि ‘ला’ त्या त्या शब्दाच्या शेपटीला घट्ट बांधलेले आहेत. शब्द कुठेही बसवा, तो आपलं काम सोबत घेऊन फिरतो. आता इंग्रजीत म्हणा, ‘शूर्पणखा सॉ राम.’ आणि फिरवा: ‘राम सॉ शूर्पणखा.’ झालं, रामायणच बदललं. इंग्रजी शब्दाला शेपटी जवळजवळ नाही, त्याचं काम त्याच्या जागेवरून ठरतं. आपली मुलं मात्र सवयीने शब्दाकडेच टक लावून बघतात, आणि तिथे काही लिहिलेलंच नसतं.

पूर्वी लिहिलेलं असायचं. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेमाला ‘लुफु’ म्हणत आणि प्रेम करणं म्हणजे ‘लुफियन’. एक नाम, एक क्रियापद, शेपटीवरून ओळखू येणारं. पुढे शेपट्या झिजत गेल्या आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं. ‘फास्ट’चंही तसंच. जलद या अर्थाच्या जुन्या क्रियाविशेषणाला शेवटी ‘ई’ हे अक्षर असायचं, ते गळून पडलं. म्हणून ‘अ फास्ट ट्रेन’मधला फास्ट आणि ‘ही रन्स फास्ट’मधला फास्ट आज अगदी सारखे दिसतात. ‘फास्टली’ असा शब्द नाही, तो शोधत बसू नये. ‘हार्ड’ची गोष्ट तीच. आणि ‘हार्डली’ आहे, पण त्याचा अर्थ ‘क्वचितच, जेमतेम’. ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिणाऱ्या पोराला वाटतं आपण मेहनतीचं कौतुक केलं.

तेव्हा वाक्य न देता शब्दाची जात विचारणं हाच मुळात कच्चा प्रश्न आहे. तुमच्या ओट्यावरची ताटली पातेल्यावर ठेवली की झाकण होते आणि पोह्याखाली ठेवली की ताटली. नुसती ताटली उचलून ‘हे काय?’ विचारलं तर उत्तर देणाऱ्याने काय सांगायचं?

त्या वीसातला ‘राउंड’ घ्या. क्लासचं उत्तर विशेषण, तुमच्या मुलाचं प्रिपोझिशन. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. ‘वी वॉक्ड राउंड द हिल’ म्हटलं की ‘राउंड’ डोंगराशी आपलं नातं सांगतो, म्हणजे प्रिपोझिशन. वाटेत कोणी हाक मारली आणि ‘आय टर्न्ड राउंड’, तर पुढे नाम नाही, फक्त कसं वळलो ते सांगितलंय, म्हणून क्रियाविशेषण. पायाखाली ‘अ राउंड स्टोन’ आला तर विशेषण. पुढच्या वर्षी ‘द सेकंड राउंड’ केली तर नाम. ‘वी राउंडेड द कॉर्नर’ म्हटलं तर क्रियापद. एकाच फेरीत पाच जाती झाल्या. पोराचं उत्तर बरोबर.

‘वेल’ही तसाच. क्लासला क्रियाविशेषण हवं होतं, ‘शी सिंग्ज वेल’मधलं. याने नाम लिहिलं. निफाड-दिंडोरीकडे ज्यांचं शेत आहे त्यांच्या पोरांना ‘वेल’ म्हटलं की आधी विहीरच आठवणार, आणि ‘द वेल इज ड्राय’ हे वाक्य एप्रिल-मेमध्ये त्यांना शिकवावं लागत नाही.

आता जागा ओळखायची कशी ते सांगतो. पुस्तकातल्या व्याख्या मी वर्गात फार वापरल्या नाहीत. ‘व्यक्ती, वस्तू, स्थळ यांच्या नावास नाम म्हणतात’ हे पाठ असलेलं पोर ‘ब्युटी’पाशी गप्प होतं. त्यापेक्षा शब्दाला धक्का देऊन बघावं, हलतो का.

सगळ्यात भरवशाची परीक्षा क्रियापदाची. वाक्य कालचं करा, जो शब्द रूप बदलेल तो क्रियापद. ‘वी लाइक मिसळ’ हे काल घडलं तर ‘वी लाइक्ड मिसळ’. बदलला, म्हणून क्रियापद. आता ‘ही रन्स लाइक अ हॉर्स’ कालचं करा. ‘ही रॅन लाइक अ हॉर्स’. इथे ‘रन’ बदलला, ‘लाइक’ जागचा हलला नाही. म्हणजे तो क्रियापद नाही, ‘सारखा’ या अर्थाचं प्रिपोझिशन आहे. ‘कट’, ‘पुट’सारखे थोडे शब्द कालही तेच राहतात. तिथे काळ बदलण्याऐवजी कर्ता ‘ही’ करून शेवटी ‘एस’ लागतो का ते बघावं.

नामासाठी ‘द’ किंवा ‘माय’ बघायचं. पण इथे एक मेख आहे. ‘द’ने दार उघडलं की ते नाम आल्यावरच बंद होतं, मध्ये विशेषणं घुसू शकतात. ‘द राउंड ब्लॅक स्टोन’मध्ये ‘द’च्या लगेच पुढे आहे म्हणून ‘राउंड’ला नाम म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात. दार कुठे बंद झालं ते बघा, दगडापाशी.

विशेषणाच्या आधी ‘व्हेरी’ लावून बघावं. ‘व्हेरी फास्ट ट्रेन’ चालतं. मग ‘ओनियन मार्केट’मधला ‘ओनियन’ विशेषण का? ‘व्हेरी ओनियन मार्केट’ म्हणून बघा. लासलगावातही कोणी म्हणणार नाही. तो कांदा नामच आहे, दुसऱ्या नामाच्या पुढ्यात बसून त्याची माहिती देतोय इतकंच. मराठी व्याकरणात ‘कापड दुकान’मधल्या ‘कापड’ला नामसाधित विशेषण म्हणतात. म्हणून वर्गात एखाद्या मुलाने विशेषण लिहिलं तर मी अर्धाही गुण कापत नसे, पण का ते विचारत असे. ही ‘व्हेरी’ची परीक्षा सगळ्या विशेषणांना लागू पडत नाही हेही सांगून ठेवतो. ‘व्हेरी डेड’ कोणी म्हणत नाही.

प्रिपोझिशनवर थोडं थांबतो, कारण तिथे मराठी आपल्याला चक्क मदत करते आणि क्लासवाले ती मदत घेत नाहीत. आपण म्हणतो ‘झाडावर’, आणि आपण म्हणतो ‘वर बघ’. पहिल्यात ‘वर’ नामाला चिकटलाय, तो शब्दयोगी. दुसऱ्यात मोकळा आहे, तो क्रियाविशेषण. ‘टेबलाखाली’ आणि ‘खाली बस’ हीच जोडी. हे आपल्याकडच्या प्रत्येक पोराला कळतं. मग इंग्रजीत तेवढंच करायचं: ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘बिफोर’ यांच्या पुढे त्यांना धरून ठेवणारं नाम आहे का ते बघायचं. ‘वी वेंट अप द हिल’मध्ये टेकडी आहे, प्रिपोझिशन. ‘लुक अप’मध्ये पुढे कोणीच नाही, क्रियाविशेषण. फरक इतकाच की मराठीत तो नामानंतर चिकटतो आणि इंग्रजीत नामाच्या आधी उभा राहतो. तुमच्या मुलाने ‘अप’ला क्रियाविशेषण लिहिलं, म्हणून फुली पडली. ‘स्टँड अप’ तर बाई वर्गात रोज म्हणतात.

याच वाटेने पुढे गेलं की उभयान्वयीही सापडतं. ‘आफ्टर’नंतर नुसतं नाम आलं, ‘आफ्टर लंच’, तर प्रिपोझिशन. त्याच्यानंतर कर्ता-क्रियापदासकट आख्खं वाक्य आलं, ‘आफ्टर ही केम’, तर उभयान्वयी. ‘सिन्स’, ‘बिफोर’, ‘अंटिल’ याच घरातले. ‘बट’ला सगळे डोळे मिटून उभयान्वयी म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण ‘नोबडी बट हिम’मध्ये ‘बट’ म्हणजे ‘वाचून, शिवाय’, आणि पुढे ‘ही’ न येता ‘हिम’ आलाय, हीच प्रिपोझिशनची खूण.

‘दॅट’वर मी एकदा पूर्ण तास घालवला होता. ‘दॅट बॉय’ म्हटलं की बोट मुलाकडे, नामाच्या आधी बसलाय, शाळेच्या हिशेबाने विशेषण. ‘दॅट इज माय बॅग’ म्हटलं की नामाच्या जागीच बसलाय, सर्वनाम. ‘द बस दॅट गोज टू नाशिक रोड’मध्ये बसच्याच जागी आलाय आणि पुढची माहिती जोडतोय, संबंधी सर्वनाम. ‘आय नो दॅट ही इज लेट’मध्ये तो आपला ‘की’ आहे, ‘मला माहीत आहे की’ मधला, आणि ‘की’ उभयान्वयी अव्यय. शेवटच्या दोघांत मुलं गोंधळतात. तिथे एकच बघावं. ‘दॅट’च्या जागी ‘विच’ किंवा ‘हू’ बसला तर सर्वनाम, नाही बसला तर ‘की’. ‘आय नो विच ही इज लेट’ हे कानालाच खटकतं. तुमच्या मुलाने उभयान्वयी लिहिलं आणि क्लासला सर्वनाम हवं होतं. दोघंही बरोबर, गुण एकाला.

‘ओन्ली’ला त्याने विशेषण लिहिलं. ‘अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल, तिथे तो विशेषणच. ‘होम’ला त्याने क्रियाविशेषण लिहिलं, आणि हे वाचून मला फार बरं वाटलं. ‘गो टू स्कूल’ म्हणतो, ‘गो टू होम’ का म्हणत नाही, हे तो न शिकवता समजलाय. ‘गो होम’मधला ‘होम’ म्हणजे ‘घर’ नव्हे, ‘घरी’. कुठे जा? घरी. आपल्या ‘घरी’ला सप्तमीची ई आहे. इंग्रजीतही एके काळी दिशा दाखवणारी विभक्ती होती, ती गेली आणि काम मागे राहिलं.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी फळ्यावर ठळक लिहायचो, ‘शेवटी एल-वाय असेल तर क्रियाविशेषण’. एक दिवस मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ‘सर, फॅमिली?’ वर्ग हसला. मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, ‘सर, फ्लाय? जुलै?’ तिन्हींच्या शेवटी एल-वाय आहे, ताई, लिहून बघा. त्या दिवशी मी फळा पुसला आणि नियमही. तुमच्या मुलाची ‘फ्रेंडली’ची चूक याच नियमातून आली आहे. ‘फ्रेंडली’ विशेषण आहे. साधी खूण: एल-वाय काढल्यावर मागे विशेषण उरलं, जसं ‘स्लो’, ‘क्विक’, तर अख्खा शब्द बहुधा क्रियाविशेषण. मागे नाम उरलं, ‘फ्रेंड’, ‘मदर’, ‘काउअर्ड’, तर अख्खा शब्द बहुधा विशेषण. हे ‘बहुधा’ मी मुद्दाम लिहितोय, त्या मुलीने शिकवलेलं आहे.

‘आय-एन-जी’चंही असंच. मुलांना ते दिसलं की क्रियापद लिहायची घाई. मराठीत सांगितलं की लगेच सुटतं: ‘वाहतं पाणी’, ‘पाणी वाहतंय’, ‘पाण्याचं वाहणं’. ‘रनिंग वॉटर’ विशेषणासारखं, ‘इज रनिंग’ क्रियापद, आणि ‘स्विमिंग इज फन’मध्ये पोहणं हे नाम. काही शब्दांत तर कान सांगतो. ‘यूस’ म्हटलं तर उपयोग, ‘यूझ’ म्हटलं तर वापरणं, स्पेलिंग एकच.

उरल्या दोन खऱ्या चुका, आणि या दोन्ही एकाच खोडीच्या आहेत. त्याने ‘हंग्री’ला नाम लिहिलं आणि ‘लेट’लाही नाम लिहिलं. का, ते मी न विचारता सांगू शकतो. ‘आय अ‍ॅम हंग्री’चं त्याने मनात मराठी केलं, ‘मला भूक लागली’. भूक नाम, म्हणून हंग्री नाम. ‘आय अ‍ॅम लेट’चं झालं ‘मला उशीर झाला’. उशीर नाम, म्हणून लेट नाम. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची ही सगळ्यात खोल चूक, आणि मी बघितलेल्या बऱ्याच क्लासच्या वह्यांत ती कोणी पकडलेली नसते, नुसती फुली मारलेली असते. आपण मराठीत भूक, तहान, भीती, राग, लाज, उशीर, कंटाळा ही सगळी नामं करतो आणि ती आपल्याला ‘लागतात’, ‘वाटतात’, ‘येतात’. इंग्रजी माणूस स्वतःच हंग्री, थर्स्टी, अफ्रेड, अँग्री, लेट असतो. विशेषणं. ‘भुकेला’, ‘घाबरलेला’, ‘रागावलेला’ असा मराठी शब्द ठेवून पाहिलं की जात लगेच जुळते. उलट बाजूनेही फसायला होतं: ‘मला पाणी हवंय’चं इंग्रजी करताना ‘वॉन्ट’ हे क्रियापद आहे हे मुलांना सुचत नाही, कारण आपल्याकडे तिथे ‘मला’ आहे आणि तिकडे ‘आय’.

यावर उपाय एकच. जात इंग्रजी वाक्यात ठरवायची, भाषांतरात नाही. ‘व्हेरी हंग्री’ चालतं, ‘अ हंग्री डॉग’ चालतं, ‘माय हंग्री’ म्हणून तिथेच थांबता येत नाही. तीन धक्क्यांत उत्तर मिळतं. भुकेचं नाम हवं असेल तर ते ‘हंगर’.

राहिला भांडणाचा शब्द, ‘माय’. क्लासने विशेषण म्हटलं, तुमच्या मुलाने सर्वनाम. ‘माझं’ हे मराठीत ‘मी’चंच रूप, म्हणून सर्वनाम. पण ‘माय बॅग’मध्ये ते नामाला चिकटून त्याची माहिती देतं, म्हणून विशेषण. आपल्या व्याकरणाने यावर छान तोड काढली आहे, सार्वनामिक विशेषण. इंग्रजीची हल्लीची व्याकरणं म्हणतात, दोन्ही नाही, हा ‘डिटरमायनर’. ‘द’, ‘अ’, ‘दिस’, ‘सम’, ‘माय’ हे सगळे त्या एका खोलीत. आणि ही मंडळी खरंच वेगळी आहेत. ‘बिग रेड बस’ म्हणता येतं, पण ‘द माय बस’ म्हणता येत नाही, एक बसला की दुसऱ्याला जागा नाही.

आठ जाती म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. संस्कृतातल्या प्राचीन भाषापंडित यास्काने चारच सांगितल्या: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). ग्रीकांनी आठ केल्या. लॅटिनमध्ये ‘द’सारखा शब्दच नव्हता, म्हणून तिथल्यांनी तो खण रिकामा करून त्यात केवलप्रयोगी भरला आणि आकडा आठच ठेवला. तो आकडा इंग्रजीने उचलला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर. आपण आज ज्या आठ जाती घोकतो, त्या अशा फिरत फिरत आल्या आहेत. परीक्षेत मात्र हे लिहू नका. तिथे पर्यायांत जे दिलंय त्यातलं निवडायचं. ‘माय’ला पर्याय सर्वनाम आणि विशेषण असे दोन्ही असतील, तर शाळेच्या पुस्तकाने त्याला काय म्हटलंय ते बघून घ्या आणि तेच लिहायला सांगा.

वाक्य न देता शब्द आलाच, तर तो शब्द सगळ्यात जास्त ज्या कामाला लागतो ते लिहावं. ‘फास्ट’ला विशेषण लिहावं आणि उपास मनात ठेवावा.

घरी करून घ्यायचं तर यादीऐवजी हे करा. रोज एकच शब्द, आणि त्याची जमतील तितकी वेगवेगळी वाक्यं. ‘लाइट’, ‘स्टिल’, ‘ड्राय’, ‘वॉटर’, ‘बुक’ असे. वाक्यं घरातलीच असू देत, ‘द लाइट इज गॉन’ आणि ‘लाइट द लॅम्प’ ही जोडी तर आपल्याकडे एकाच संध्याकाळी सुचते. दोन-तीन वाक्यांच्या वर नाही गेलं तरी हरकत नाही. त्याने जात सांगितली की ‘कशावरून?’ एवढंच विचारा. बरोबर उत्तरालाही विचारा.

त्या कागदावर नऊ खोडून सोळा करा, ‘माय’चा गुण तूर्त लोंबकळत ठेवा. आणि आज त्याला ‘आजी फास्ट्स ऑन एकादशी’ लिहायला सांगून त्यातल्या ‘फास्ट्स’ची जात विचारा. तो पुन्हा ‘नाम’ म्हणाला, तर रागावू नका, तेच वाक्य मागच्या एकादशीचं करायला सांगा.